दोन्हीकडे सिंह

"आधी तोंड, मग पाठ," असं पुटपुटत रिक्षावाले दादा तुम्ही दिलेलं नाणं दोन बोटांत उभं धरायचे, डोळ्यांजवळ न्यायचे आणि हळूच फिरवायचे. तोवर रिक्षा जागची हलत नसे. मागे भोंगे वाजताहेत, आत एखादे गुजराती काका "भाई, चालो ने, मोडुं थाय छे" म्हणत उशिरापायी कावलेत, आणि हे मात्र नाण्याची नाडी तपासत बसलेत.

इकडे गुजराती मुलखात लिंबायतहून उधन्याला शेअर रिक्षानं कधी गेला असाल, तर तुम्हीही त्यांच्या हाती सापडला असाल. मी सतरा वर्षं सापडलो. उधन्याच्या एका लूम कारखान्यात मी सुपरवायझर. ते पारोळ्याकडचे, मी धुळ्याकडचा, म्हणून पुढे त्यांच्या शेजारची अर्धी जागा माझी. पुढे प्रवासी बसवायची परवानगी नव्हती, पण अर्ध्या जागेवर बसलेला माणूस प्रवासी नसतो, असं त्यांचं मत होतं.

त्यांना हवी असायची टाकसाळीत झालेली चूक. तोंड सरळ धरून नाणं फिरवलं की पाठही सरळ यायला हवी. ती तिरकी आली, किंवा छाप काठाकडे सरकलेला दिसला, की त्यांचे डोळे लकाकायचे. "सरकारची मशीनसुद्धा चुकते, भाऊ," ते म्हणायचे. "फक्त तिची चूक लोक जपून ठेवतात." दाराला कुलूप लावलं की नाही याचाही अपराध लिंबायतपासून उधन्यापर्यंत वाहून नेणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून फार बरं वाटायचं.

लोक थट्टा करायचे. एकानं रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं दिलं. यांनी ते फिरवून परत केलं. "हे टाकसाळीचं नाही, आगगाडीचं काम आहे." दुसऱ्यानं कानशीनं काठ घासून आणला. "हात कच्चा आहे तुझा. लूमवरच राहा."

सगळ्या रिक्षांत क्यूआरचे कागद चिकटले, यांच्या रिक्षात नाही. गावभर सुट्ट्या पैशांवरून भांडणं चालायची, आणि हे नोट पुढे आली की खट्टू व्हायचे.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, या नादाला विटल्या होत्या. तिरक्या छापाचं एक नाणं यांनी देव्हाऱ्यात ठेवलं होतं, ते वहिनींनी भाजीवाल्याला देऊन टाकलं.

"अगं, तिरकं होतं ते!" हे कळवळून म्हणाले.

"कोथिंबीर सरळ आली," वहिनी म्हणाल्या.

आणि मग एका सकाळी ते सापडलं. पाच रुपयांचं पितळी रंगाचं नाणं. तोंडावर सिंह. फिरवलं, तर पाठीवरही सिंहच, पण आत दबलेले आणि आरशातल्यासारखे उलटे. दादांनी चक्क रिक्षा बंद केली. "लखी," ते कुजबुजले. नाण्यांचे शौकीन अशा नाण्याला लखी म्हणतात. "आधीचं नाणं छापाला चिकटून बसलं, उठलंच नाही. मग हे त्याच्याच अंगावर ठोकलं गेलं." काटा आलेला दाखवायला त्यांनी शर्टाची बाही वर केली.

वहिनींनी अट घातली. शहरात नाण्यांचं प्रदर्शन भरतंय, तिथल्या जाणकाराला दाखवू. त्यानं ते हौसेनं मागून घेतलं, तर जन्मभर नाणी बघा, मी बोलणार नाही. नाहीतर हा नाद बंद, मुकाट्यानं क्यूआर लावायचा. दादांनी शब्द दिला.

प्रदर्शनापर्यंतचे चार दिवस नाणं माझ्याकडे आलं. "घरी ठेवलं तर त्याची मेथी होईल," ते म्हणाले, आणि रुमालात बांधून कन्यादान करावं तसं माझ्या हाती दिलं.

आता माझं सांगतो. दसरा तोंडावर आला होता. आमच्या घरी सणाची पितळी भांडी मी घासतो. लग्नापासून ते काम माझं आहे, आणि मला ते चांगलं जमतं. समया झाल्या, ताम्हन झालं, चिंचेचा कोळ थोडा उरला. रुमालातलं नाणं आठवलं. काळवंडलेलं, कडेला मळ बसलेलं. वाटलं, पोरगी दाखवायला न्यायची तर तिचं तोंड तरी धुवावं. मीठ लावून चांगलं दहा मिनिटं घासलं. सिंह नवेकोरे निघाले. दिवसभर मी स्वतःवर खूश होतो.

प्रदर्शनाला वहिनी ठेवणीतली साडी नेसून आल्या. मी रुमाल सोडला. दादांनी नाणं पाहिलं आणि न फिरवताच जाणकारापुढे ठेवलं. जाणकारानं भिंग लावलं. "असली छे," तो म्हणाला, आणि लगेच नाणं टेबलावर ठेवून दिलं. "पण आ कोणे घस्युं? मारी नाख्युं ने!" वर्षांनुवर्षं चढलेला रंग हीच नाण्याची खानदानी असते, तो घासून काढला की नाणं मेलं, शौकीन माणूस त्याला शिवत नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

वहिनी वळल्या, त्या थेट गावच्या बोलीतच. "कोन्ही घासं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण दादा आधी बोलले.

"मीच घासं."

"तुम्ले काही समजस का?"

"नही," दादा म्हणाले.

आणि मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षात क्यूआर लागला. लोक फोन दाखवून उतरायचे. कुणी नाणं दिलंच, तर दादा न बघता खिशात टाकायचे. मी रोज ठरवायचो की आज बोलायचं. एकदा सुरुवातही केली. "दादा, त्या दिवशी मी..."

"पाय आत घे, भाऊ, पुढे पोलीस आहे."

पुढे पोलीस नव्हता.

गेल्या फाल्गुनात दादा गेले. तीन दिवस छातीत दुखतंय म्हणत होते आणि तीन दिवस रिक्षा चालवत होते. मी त्यांच्या घरी बसायला गेलो. खोली माणसांनी भरलेली. ही वेळ नव्हे, हे मलाही कळत होतं, पण मला धीर नेहमी भलत्या वेळीच येतो. उभ्यानंच म्हणालो, "वहिनी, ते नाणं दादांनी नाही, मी घासलं होतं."

वहिनींनी मान वर केली.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ह्या माणसानं जन्मात चहाचा कप विसळला नाही. नाणं घासतील ते?" मग म्हणाल्या, "मी दुसऱ्याच दिवशी म्हटलं, काढा तो कागद, बघा तुमची नाणी. तर म्हणाले, नको. भाऊला कळेल की तुला कळलंय. मग तो लाजेनं रिक्षात बसायचा नाही."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले, कुणाला तरी माझ्यासाठी खुर्ची सरकवायला सांगितली आणि जरा वेळानं हळूच विचारलं,

"लिंबानं घासलं होतं का चिंचेनं?"

"चिंचेनं."

"तरीच," वहिनी म्हणाल्या. "लख्ख निघालं होतं."