दौलतभाऊंचे वाढीव न्यायाधीश

सर्वोच्च न्यायालयातल्या न्यायाधीशांची संख्या वाढवायचा प्रस्ताव पुन्हा पुढे आला, अशी बातमी त्या सकाळी पेपरात होती. दौलतभाऊंना चिडवायला फोन करावा म्हणून मी चष्मा शोधत होते, तेवढ्यात दिघोरीहून त्यांच्या मुलीचाच फोन आला. "बाई, बाबा गेले..." एवढंच ती बोलू शकली.

ती माझी विद्यार्थिनी. तिच्यामुळेच दौलतभाऊंची ओळख झाली. गावातल्या ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचे ते अध्यक्ष. लाखांदूरच्या बाजारात मासोळी विकून झाली की परतीच्या एसटीपर्यंत आमच्या ओसरीवर बसायचे, पेपर वाचायचे आणि माझ्याशी भांडायचे. मी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे माघार घ्यायची सवय मलाही नव्हती.

भांडणाचं मूळ गावच्या मोठ्या तलावात होतं. मासेमारीचा हक्क सोसायटीचा की ठेकेदाराचा, हा वाद नागपूरच्या हायकोर्टात सोसायटीने जिंकला. ठेकेदार दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथून स्थगिती आली. तेव्हापासून मोठ्या तलावात कोणाचंच जाळं पडलं नाही. सगळी घरं शेजारच्या बोडीवर, म्हणजे एका लहानशा तळ्यावर, भागवू लागली. तारीख लागायची, पण सोसायटीचा नंबर येण्याआधी कोर्ट उठायचं. म्हणून न्यायाधीश वाढवण्याची बातमी आली की दौलतभाऊ खुशीत यायचे. "बसवा ना अजून! खुर्च्या कमी पडून राहिल्या का दिल्लीत?"

मी त्यांना समजावायची. काही देशांत निकाल मनासारखे लागेनात, की सत्तेवरचे लोक न्यायाधीशच वाढवायला निघतात. मग वाढलेली माणसं कोणाची? त्यांना निवडणार कोण? आज सोयीचं वाटेल, उद्या तेच कोर्ट डोक्यावर बसेल. एकदा मी फारच लांबण लावली, तेव्हा त्यांनी पेपर घडी करून ठेवला. "बाई, तुमाले भीती, तिथं कोनाची मानसं बसतीन. मले भीती, तवपर्यंत मी राहीन का नाही."

मी चहा टाकायला उठले. पण माझं मत बदललं नाही, आणि त्यांचंही. पुढच्या बाजाराला ते माझ्यासाठी मरळ मासा घेऊन आले आणि भांडण जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं. असा भांडायला मिळणारा माणूस या वयात पुन्हा भेटणं कठीण. मला त्यांची फार आठवण येते.

तेरवीला मी दिघोरीला गेले आणि रात्री तिथेच राहिले. ते गेल्यापासून बंद असलेली मासेमारी दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती. सकाळी मुलगी मला आणि तिच्या आईला बोडीवर घेऊन गेली. पाण्यात उतरलेल्यांपुरते मासोळ्यांचे वाटे पळसाच्या पानांवर मांडले होते. दौलतभाऊंचा चुलतभाऊ सखाराम सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला. दुसऱ्याने एका वाट्यावर हात ठेवून विचारायचं, "हा कोनाचा?" आणि सखारामने न बघता नाव घ्यायचं. वाटा लहान की मोठा, हे नाव घेणाऱ्याला दिसत नाही, म्हणून कोणाची तक्रार नसते. निवडणार कोण, या माझ्या प्रश्नावर दौलतभाऊ नुसते हसायचे, ते मला तिथं आठवलं. दिल्लीला हे जमेल, असं मात्र मला अजूनही वाटत नाही.

"हा कोनाचा?"

"दौलतचा."

विचारणाऱ्याचा हात क्षणभर थबकला, मग पुढच्या वाट्यावर गेला. नावं होत राहिली, वाटे संपले. सखाराम वळला तेव्हा त्याच्यासाठी काही उरलं नव्हतं. दौलतभाऊंची बायको पदर तोंडाला लावून उभी होती. त्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्या पानाकडे, आणि तो त्या पानाशी उकिडवा बसला.

"पाठ होती ना वहिनी," तो म्हणाला, "मले वाटलं, तो मांगं उभाच आहे."