दुपारची जपानी

आमच्या घरात जपानी आली ती लॅबमधल्या मशीनमुळे. मी रत्नागिरीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. सकाळी लवकर जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे, मशीनला लावायचे, रिपोर्ट काढायचे आणि दीडच्या सुमाराला घरी यायचं, असा माझा दिवस. काही वर्षांपूर्वी लॅबमध्ये नवीन मशीन आलं. त्याचं झाकण उघडलं की आत जपानीत लिहिलेल्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसायच्या. एकदा मोबाईलचा कॅमेरा धरून त्यांचा अर्थ काढला, तर ‘येथे हात घालू नये’, एवढंच होतं. अर्थ साधा निघाला तरी अक्षरं डोळ्यांसमोरून हलेनात. त्या आठवड्यात मी फोनवर जपानी अक्षरांचा तक्ता उतरवून घेतला आणि रोज दुपारी जेवण झाल्यावर गिरवायला लागले.

पहिले दोन-तीन महिने उत्साहात गेले. अक्षरांची ओळख झाली, ‘नमस्कार’ आणि ‘आभारी आहे’ म्हणता यायला लागलं. मग चित्रांसारखी ती अवघड अक्षरं सुरू झाली, व्याकरण इंग्रजीतून समजावणारे व्हिडिओ सुरू झाले आणि माझी गाडी अडली. शिकवणारं कोणी नाही, विचारणारं कोणी नाही. एक दिवस चुकला, मग आठवडा चुकला. नवऱ्याने एकदा विचारलं, “जपानी कुठवर आली?” मी म्हटलं, “आहे चालू.” चालू काही नव्हती.

त्याच सुमारास माझ्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला.

ते एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी आवाज ड्रायव्हरचाच होता. खालच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला ते गॅलरीतून हाक मारत आणि तो माणूस थांबत असे. सासूबाई आधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. झटक्यातून ते वाचले, काठी घेऊन चालायलाही लागले, पण उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. त्यांना सगळं कळत होतं, शब्दही आठवत होते, पण जीभ वळत नव्हती. तोंडातून निघायचा तो नुसता घोळ. बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई सुरुवातीला घरी येऊन गेल्या. त्यांनी सांगितलं, “आजोबांनी रोज मोठ्याने एकेक अक्षर म्हणायचं. आ, ई, ऊ. का, की, कू. कंटाळा करायचा नाही.”

सासऱ्यांनी कंटाळा केला नाही, त्यांनी सरळ नकार दिला. नवरा समोर बसून “बाबा, म्हणा, का,” असं म्हणाला की ते मान फिरवून खिडकीबाहेर बघत. लाळ गळायची, ती पुसायला कोणी रुमाल पुढे केला की तो ढकलून देत. ज्या माणसाने आयुष्यभर भरलेल्या गाड्या घाटातून उतरवल्या, त्याने आता मुलासमोर बाराखडी म्हणायची, हे त्यांना सहन होत नव्हतं. आम्हीही फार ताणलं नाही.

त्यांना दुपारी एकटं सोडायचं नाही म्हणून मी त्यांच्या खोलीत बसायला लागले. नुसतं बसून काय करायचं, म्हणून जपानीचा तक्ता पुन्हा काढला आणि पुटपुटायला लागले. आ, इ, उ, ए, ओ. का, कि, कु, के, को. जपानी अक्षरांची मांडणी आपल्या वर्णमालेसारखीच आहे. क, स, त, न, ह, म, य, र, व, असं पुढे जात राहतं. मी ‘र’च्या ओळीवर आले आणि अडखळले. जपानी र आपल्या र आणि ल यांच्या मध्ये कुठेतरी असतो. फोनवरच्या व्हिडिओतली बाई म्हणायची तसा तो माझ्या तोंडातून येईना. मी पुन्हा पुन्हा तीच ओळ म्हणत होते आणि दर वेळी चुकत होते.

मागून आवाज आला, “रा.”

मी वळून बघितलं. सासरे माझ्याकडेच बघत होते. त्यांचा र जड झाला होता, ल कडे कललेला. मी फोनवरचा आवाज पुन्हा लावला. दोन्ही अगदी सारखे.

“बाबा, हाच पाहिजे. असाच म्हणायचा आहे. परत म्हणा.”

ते म्हणाले. मग मी म्हटलं. माझं चुकलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘नाही’ अशी खूण केली आणि पुन्हा “रा” म्हणून दाखवलं. झटका आल्यापासून घरात त्यांनी कोणाची चूक पहिल्यांदाच काढली होती. त्यांच्या तोंडावर हसू होतं, अर्ध्याच ओठांवर का होईना.

दुसऱ्या दिवसापासून तो रिवाज पडला. तीन वाजले की आम्ही दोघं समोरासमोर बसायचो. मुलासमोर तोंड न उघडणारे सासरे माझ्याबरोबर सगळा तक्ता म्हणायचे, कारण ती बाराखडी त्यांची नव्हती, माझी होती. मीही त्यांच्याइतकीच अडत होते. ‘त्सु’ दोघांनाही जमायचा नाही. ‘फु’ म्हणताना त्यांच्या गालातून हवा निसटायची आणि माझ्या फु मध्ये मराठी फ घुसायचा. लॅबमध्ये कितीही दमले तरी दुपारी आता सुटका नव्हती. जरा आडवी झाले की आतून काठी आपटल्याचा आवाज यायचा आणि मागोमाग हाक, “जपान.” मला ते तेव्हा जपान म्हणायला लागले होते.

अक्षरांवरून शब्दांवर आलो. मी वाक्य म्हटलं की त्यांना त्याचा अर्थ हवा असे, म्हणून मी तो मराठीत सांगायला लागले आणि तिथे माझा मोठा अडसर दूर झाला. इतके दिवस मी जपानी इंग्रजीतून शिकत होते. सगळं उलटं वाटायचं. मराठीतून सांगताना लक्षात आलं की क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. आपण नावाला ‘ला’, ‘ने’, ‘त’ जोडतो तसे तेही काही ना काही जोडतात. ‘मी भात खातो’ हे जपानीत त्याच क्रमाने म्हणता येतं, शब्द तेवढे बदलायचे.

“वाताशी वा गोहान ओ ताबेमास,” मी म्हटलं.

“तांबोशी?” सासऱ्यांनी विचारलं. तांबोशी हा त्यांचा आवडता मासा.

“ताबेमास. म्हणजे खातो.”

“गोहान?”

“म्हणजे भात.”

त्या रात्री जेवताना त्यांनी ताट पुढे केलं आणि स्पष्ट म्हणाले, “गोहान.” नवरा माझ्याकडे बघत राहिला. मी भात वाढला.

वर्षभराने मी जपानी भाषेच्या परीक्षेला बसले. या परीक्षेच्या पातळ्या असतात. सगळ्यात खालची सोडून मी थेट दुसरीचा अर्ज भरला, इतका मला आत्मविश्वास होता. पुण्याला जाऊन पेपर दिला. वाचायचं, व्याकरणाचं बरं गेलं. ऐकण्याच्या भागात मात्र ध्वनिफीत सुरू झाली आणि मी पहिल्याच संवादात मागे पडले. ती माणसं नेहमीच्या वेगाने बोलत होती. मला सवय होती ती सासऱ्यांच्या वेगाची, एकेक अक्षर सुटं करून म्हणायची. निकाल आला तेव्हा एकूण गुण पुरेसे होते, पण ऐकण्यात किमान लागतात तेवढेही नव्हते. मी नापास झाले.

मी तक्ता, पुस्तकं, सगळं कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. तीन वाजता काठी वाजली तरी “आज काम आहे, बाबा,” म्हणायला लागले. त्यांनी काही दिवस हाक मारली, मग बंद केली. बोलणंही कमी झालं. मला ते दिसत होतं, पण पुस्तक उघडायला मन होत नव्हतं.

त्याच महिन्यात गुहागरला सासऱ्यांच्या चुलत भावाकडे सत्यनारायणाची पूजा होती. झटक्यानंतर सासरे पहिल्यांदाच चार माणसांत गेले. घरापुढच्या खळ्यात खुर्च्या मांडल्या होत्या, तिथे एका कडेला ते बसले. कोणी काही विचारलं की मान हलवायचे, बोलायचे नाहीत. लोकांनीही मग त्यांना विचारणं सोडलं. आमचे ते चुलत सासरे मुंबईत बँकेत होते, आता गावी येऊन राहिलेत. माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्टीचा हिशेब मांडल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

“सूनबाई, जपानी शिकतेस म्हणे. जायचं आहे का तिकडे?”

“नाही.”

“मग लॅबमध्ये पगार वाढणार?”

“नाही, तसं काही नाही.”

“परीक्षा दिलीस ना? काय झालं तिचं?”

“नापास झाले,” मी म्हटलं. आजूबाजूच्या दोघी-तिघी माझ्याकडे बघायला लागल्या.

“म्हणजे उपयोग काही नाही आणि पासही होत नाही. मग कशाला हा खटाटोप? त्यापेक्षा—”

“ती शिकते.”

आवाज घोगरा होता, पण खळ्यात सगळ्यांना ऐकू गेला. चुलत सासरे वळले. सासरे काठीवर भार देऊन खुर्चीत पुढे सरकले होते.

“मास्तर नाय,” ते म्हणाले. मध्ये थांबले, श्वास घेतला. “क्लास नाय. घरात बसून… शिकते. रोज. तुझ्याने होईल?”

मग चुलत सासरे हळूच म्हणाले, “नाही हो दादा, माझ्याने कसलं होतंय.” थोड्या वेळाने ते उठले आणि सासऱ्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. त्यानंतर प्रसाद येईपर्यंत दोघं बोलत होते, एक भराभर, एक सावकाश.

मी स्वयंपाकघरात पानं वाढायला गेले. मला पास झाल्यावरही इतका अभिमान वाटला नसता. येताना खाडी ओलांडायला तवसाळहून आमची गाडी फेरीबोटीवर चढली, तेव्हा मागच्या सीटवरून सासरे म्हणाले, “उद्या. तीन वाजता.”

“होय,” मी म्हटलं.

या वेळी अभ्यास बदलला. तक्ता संपला होता, आता वेग हवा होता. मी फोनवर जपानी बातम्या, हवामानाचा अंदाज, दुकानातले संवाद लावायला लागले. प्रत्येक तुकडा संपला की सासरे विचारायचे, “काय बोलला?” मला लगेच मराठीत सांगावं लागे. “काय तरी पावसाचं,” असं मोघम सांगितलेलं चालत नसे. “कुठे? कधी?” म्हणून ते पुन्हा लावायला लावायचे. पुढे मी सांगितलेलं ते आपल्या शब्दांत संध्याकाळी मुलाला सांगायला लागले. जपानातल्या कुठल्या शहरात उद्या पाऊस आहे ते रत्नागिरीत आमच्या घरात जेवणाआधी माहीत असे. नवऱ्याला पहिल्यांदा गंमत वाटली, नंतर तोही वाट बघायला लागला. वडील त्याच्याशी आता पूर्ण वाक्यात बोलत होते.

मी पुन्हा पुण्याला जाऊन परीक्षा दिली. ऐकण्याचा भाग सुरू झाला आणि प्रत्येक संवादानंतर मनात आपोआप प्रश्न उमटला, काय बोलला? आणि उत्तर येत होतं.

निकाल लागला त्या दुपारी मी लॅबमधून नुकतीच आले होते. फोनवर ‘उत्तीर्ण’ दिसलं. सासरे आंघोळ करून गॅलरीत बसले होते. मी त्यांना सांगितलं आणि वाकून नमस्कार केला. त्यांनी डावा हात डोक्यावर ठेवला. मग म्हणाले, “फोन दे.”

झटक्यानंतर त्यांनी स्वतःहून कोणाला फोन केला नव्हता. समोर माणूस असला की हातवारे करता येतात, फोनवर नुसता आवाज. मी नंबर लावून दिला. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं गाडीवर असलेले एक कंडक्टर आता सावर्ड्याला राहतात, त्यांना तो फोन होता.

“मी बोलतोय,” सासरे म्हणाले. पलीकडून मोठ्याने काहीतरी विचारणं झालं. “होय, मीच. सून पास झाली.” पुन्हा काहीतरी विचारलं गेलं. “नर्सिंग नाय. जपानी. ज-पा-नी.”

पलीकडून हसण्याचा आवाज आला, मग ते कंडक्टर बराच वेळ बोलत राहिले. सासरे ऐकत होते, मध्येच उत्तर देत होते, एक शब्द अडला तर थांबून पुन्हा म्हणत होते. मी भात लावायला आत गेले. कुकरची शिट्टी झाली तरी त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.