पारावर बसवलेली पोरगी

आमचं गाव मिरजेच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. इकडचा ऊस सरत आला की तोडणीवाल्यांच्या टोळ्या पलीकडच्या कारखान्याला जातात. एका साली अशीच एक टोळी सकाळी दोन ट्रॅक्टर भरून गेली आणि मागं एक पोरगी राहिली. तीनेक वर्षांची असेल. उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे हिरव्या शेंड्यांच्या, ढिगाआड झोपली होती. पुढच्या ट्रॅक्टरला वाटलं मागच्यात आहे, मागच्याला वाटलं पुढच्यात.

माझी बायको म्हशीला वाढं आणायला गेली, तिला ती दिसली. मी म्हणालो, "घरात घे. दूधभाकरी घाल, निजव."

"घरात न्हाई. दाराआडचं पोर कुणी नेलं तर गावाला पत्ता लागायचा न्हाई. पारावर बसते. बघू द्या सगळ्यांनी कुणाजवळ हाय ते."

आणि बसली. पोरगी मांडीवर, तिच्या मुठीत पदराचं टोक. पोलीस पाटलानं फोन केल्यावर ठाण्यातली पोलीस बाई आली, तिनं हद्दीपलीकडच्या ठाण्याला कळवलं. पण टोळीच्या मुकादमाचा फोन लागेना.

दुपारी एक पिकअपवाला थांबला. "त्याच कारखान्याला चाललोय मावशी. टोळी माझ्या वळखीची हाय. द्या, पोचवतो."

मला बरंच वाटलं. सुटलो एकदाचं म्हणून मी पोरगी उचलायला उठलो.

"तुमी बसा," बायको मला म्हणाली. मग त्याला, "तू हिचा कोण रं?"

"कोण न्हाई. पण माझ्यावर इस्वास हाय का न्हाई?"

"लय हाय. म्हणून तर तुलाच सांगते, जा आन् हिच्या आईला घिऊन ये. पोर हितनं हालायचं न्हाई."

पारावरची माणसं हसली. "म्हातारी फौजदार झाली!" तो तोंड वाकडं करून गेला.

मी म्हणालो, "चांगल्या माणसाला दुखावलंस."

"त्याचं दुखणं उद्या जाईल. हद्दीपल्याड पोर हरवलं तर तिच्या आईनं कुठल्या ठाण्यात जाऊन रडायचं, ते सांगा."

मी परत पारावर टेकलो.

दिवस कलताना तोच पिकअप परत आला. थांबायच्या आत त्यातनं आईनं उडी टाकली. पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला छातीशी धरून रडली. पोलीस बाईनं विचारायचं ते विचारलं, मगच पोरगी दिली. पदराचं टोक मात्र सोडवून घ्यावं लागलं.

पिकअपवाला म्हणाला, "पटली का खात्री, मावशी?"

"पटली. बस, च्या घे. लय गुणाचा हाईस. पण पुढच्या बारीला बी मी असंच करणार."

तेव्हापासून टोळी निघाली की ही ट्रॅक्टरपुढं उभी. "आदी पोरं मोजा, मग चाक हलवा." ड्रायव्हर शिव्या देत. ही हलत नसे. अशी बाई मी दुसरी बघितली नाही, आणि हे तिला तोंडावर कधी म्हणालोही नाही.

दिवाळीआधी ती गेली. परवा टोळी निघाली तेव्हा माझे पाय आपसूक तिकडं वळले. मी ट्रॅक्टरपुढं उभा राहिलो. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, मावशी कुठाय?"

"पोरं मोजा," एवढंच म्हणालो.

बायकांनी मोजली. सगळी होती. ड्रायव्हरनं गियर टाकला. पण ती एकदा मोजून कधी सोडायची नाही.

म्हणून म्हणालो, "परत मोजा."