मीनाबाईंचा हलका हात

कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत मीनाबाई अकरा वर्षं उंदीर सांभाळतात. पिंजरे बदलायचे, दाणापाणी बघायचं, कुणाला फिट आली तर वहीत लिहायचं. कधी उंदराला हात न लावलेले लोक याला सोपं काम म्हणतात.

या खेपेला उंदरांना मेंदूज्वराचा विषाणू टोचला होता. अर्ध्यांना नवं औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. पाणीवाल्यांना पाच दिवसांत फिट यायलाच हवी होती. शनिवारी पाचवा दिवस सरला, तरी मीनाबाईंच्या वहीत शून्यावर शून्य. रविवारी त्यांची सुट्टी. पिंजरे बदलीवर आलेल्या बाळासोनं बदलले आणि एका दिवसात नऊ फिट नोंदवल्या!

सोमवारी प्रयोग चालवणाऱ्या दीप्ती मॅडम वही घेऊनच आल्या. "मीनामावशी, खरं सांगा. न बघताच शून्य लिहिलंत? तसं असेल तर प्रयोगही गेला आणि तुमची नोकरीही."

"डोळ्यांत तेल घालून बघितलंय की मॅडम! एकालाबी फिट आली न्हाय."

"मग माझ्यासमोर पिंजरा बदला."

मीनाबाईंनी पिंजरा उचलला, टेबलावर ठेवला. आवाज शून्य. आतला उंदीर पेंगतच राहिला.

"असं उचलायला कुणी शिकवलं?"

"लेकीनं. पूर्णिमानं."

पूर्णिमाला चार वर्षांची असताना मेंदूज्वर झाला होता. तेव्हापासून भांडं पडलं, दार आपटलं की तिला फिट. वीस वर्षं त्या घरात साधी वाटी वाजलेली नाही. तोच हात इथंही चालत होता, आणि या उंदरांना फिट येते तीच मुळी धक्क्यानं. बाळासोची आदळआपट एकदाची कामी आली म्हणायची!

"मावशी, धक्का द्यावाच लागेल. सगळ्यांना सारखा. नाहीतर औषध लागू पडलं, हे कळणार कसं?"

"ह्यानं माझी पूर्णिमा बरी हुईल व्हय?"

दीप्ती खोटं बोलल्या नाहीत. "नाही. पुढे ज्यांना हा ताप येईल त्यांना, कदाचित."

मीनाबाईंना सगळ्यांचाच राग आला. त्यांनी पिंजरा उचलला आणि दाणकन ठेवला. उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला, थरथरला, आडवा झाला. मीनाबाई घरी मोजतात तशा सेकंद मोजू लागल्या. मोजता मोजता हातांनी पदराची घडीही केली, लेकीच्या डोक्याखाली देतात तशी.

अडतीसला उंदीर सावरला. त्यांनी आकडा लिहिला, घडी मोडली आणि दुसरा पिंजरा हातात घेतला.

"एवढ्याच जोरात, का अजून, मॅडम?"