मु. पो. पिंपळखुटी

आमच्या घरात लग्नापेक्षा पत्रिकेचाच ताप जास्त झाला. लेकीचं, मेघाचं, लग्न ठरलं आणि माझे सासरे सखाराममामा हटून बसले, पत्रिकेवर ‘मु. पो. पिंपळखुटी’ छापायचं. आम्ही राहतो शहरात, उस्मानपुऱ्यात. पिंपळखुटी तिकडं वर्धा नदीच्या खोऱ्यात होती, आणि आता ती उरलेलीच नाही.

मामा मूळचे पैठणकडचे. धरणात गाव गेलं तेव्हा ऐन तरुण होते. कुणीतरी कोळशाच्या खाणीचं नाव काढलं आणि सासूबाईंना, पारूबाईंना, घेऊन ते थेट खोऱ्यात गेले. वर ज्वारी-कापसाची शेतं, खाली कोळसा. टोपल्यांनी भरायचा, रुळावरच्या लोखंडी डब्यात ओतायचा. खोदताना कोळशाचेच जाड खांब मागं सोडायचे, वरचं छत त्यांच्यावर तोललेलं. कोळसा संपत आला की मागं सरकत सरकत तेच खांब काढून घ्यायचे आणि छत पडू द्यायचं. मामा खांब काढणाऱ्या टोळीत होते. वर गावची शेतं खचली, विहिरी आटल्या. पुढं मोठी यंत्रं आली, उघडी खाण आली आणि गावच उचललं. सासूबाई त्याआधीच वारल्या, ते एका अर्थी बरंच झालं. मामा तेवढा खोकला घेऊन आमच्याकडं आले.

“दादा, लोक हसतील,” आकाश, माझा नवरा, वडिलांवर वैतागून म्हणाला. “नसलेलं गाव कशाला छापायचं?”

“पहिलं गाव धरणानं नेलं. त्याला मी काय करणार?” मामा म्हणाले. “पर हे दुसरं मी काढलं रं. माझ्या हातानं, खांब काढत काढत. निदान नाव तरी ऱ्हाऊ दे.”

 मला रडू आलं आणि रागही आला. इतकी वर्षं हा माणूस हे पोटात ठेवून माझ्याकडं नुसता चहा मागत होता! शहागंजच्या छापखान्यात मीच गेले आणि सांगितलं, छापा.

पत्रिका वाटून झाल्या. कार्यालय कुठलं ते पत्रिकेतच कळवतो, असं आम्ही मुलाकडच्यांना सांगून ठेवलं होतं. मग मुलाचे वडील अप्पाराव यांचा पैठणहून फोन आला. मी स्पीकर लावला.

“ताई, वऱ्हाडाची गाडी ठरवली बरं का. डायवर म्हणतोय लई लांब हाय, आदल्या दिशीच निघावं लागंल. पिंपळखुटीला मुक्कामाची सोय हाय का?”

मी कपाळावर हात मारला. खाली मंगल कार्यालयाचा पत्ता ढळढळीत छापलेला होता, पण तो वाचतो कोण! मामांनी फोन मागून घेतला.

“पाव्हणं, लग्न इथंच हाय, उस्मानपुऱ्यात. तिकडं आता नुसता खड्डा हाय.”

“मग हे पिंपळखुटी?”

मामा फोनजवळ वाकले. “परत म्हणा की एकदा.”

“काय?”

“गावाचं नाव.”

अप्पाराव गोंधळले असणार. पण माणूस भला. मोठ्यानं, सावकाश म्हणाले, “पिंपळखुटी.”

घराबाहेरच्या माणसाच्या तोंडून ते नाव मामांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.