सकाळची टकटक

"सरांनी आज जवाब नाय दिला, भाऊ," एवढंच रजियाआपा फोनवर म्हणाल्या. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या गल्लीत जे एकटे राहतात, त्यांची दारं त्या सकाळी दुधाला जाता जाता वाजवतात. आतून "हाय!", म्हणजे 'आहे', असं आलं की पुढच्या दाराकडं वळायचं. त्या दिवशी अरविंदच्या दारातून काही आलं नाही... मी पोचलो तेव्हा दार तोडलेलं होतं. माझा कॉलेजपासूनचा मित्र खुर्चीत, चष्म्यासकट, बसल्या जागी गेला होता.

अरविंद अर्थशास्त्राचा प्राध्यापक. शहरात कुठलं जगणं किती चांगलं, हे मोजण्याचं त्याला वेड. नळाला पाणी किती दिवसांनी येतं, दवाखाना किती लांब, आणि या सुखांसाठी माणसं किती जादा भाडं द्यायला तयार आहेत. त्याच्या हिशेबात त्याचीच सोसायटी पहिली यायची. "परीक्षक तूच आणि पहिला नंबरही तुझाच!" म्हणून मी त्याला छळायचो. मग वहिनी गेल्या. त्या हिवाळ्यात तो तापानं फणफणून घरात पडून राहिला. दाराबाहेर वर्तमानपत्रं साचली आणि वॉचमननं ती नीट रचून ठेवली. दार मात्र कुणी वाजवलं नाही. "मी आत मेलो असतो ना, तरी आमच्या सोसायटीचा एक गुण कमी झाला नसता," असं तो मला हसत सांगत होता, पण डोळ्यांत भीती होती. आपण गेल्याचं कुणाला कळणारच नाही, ही भीती. लवकरच त्यानं मुकुंदवाडीत खोली घेतली. पाण्याची बोंब, रेल्वेची धडधड... आणि गडी खूश! रोज सकाळी वर्गातल्या पोरासारखी हजेरी द्यायचा.

परवा सकाळी त्याची पुस्तकं आणायला गेलो. दार दुरुस्त करून कुलूप मीच लावलं होतं, किल्लीही माझ्याकडंच. पुस्तकं बांधत होतो, तेवढ्यात दार वाजलं. माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, "हाय!" बाहेरच्या चपला सावकाश पुढं गेल्या. आपा घाबरल्या असतील म्हणून मी धावतच बाहेर आलो.

"आपा, आत मी होतो. भ्यालात का?"

"भ्यायचं काय त्यात? रोजचंच हाय." मग त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "म्हणूनच व्हय... आज सरांचा आवाज वेगळा लागला."

 आत जाऊन मी सुतळ्या सोडल्या, पुस्तकं होती तशी फळीवर लावली. घरमालकाला सांगितलं, खोली कुणाला देऊ नका, भाडं मी देत जाईन. कशासाठी, ते त्यानं विचारलं नाही.