बिनकिडीची वांगी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जळगाव जामोदकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजून अकरा. त्या अकरांत सरळ माणूस कोण, तर माझे बाबा. हे ते तोंडानं कधी म्हणाले नाहीत, पण चर्चच्या पहिल्या बाकावर ते बसायचेच असे की सांगायची गरज उरायची नाही. मंडळीचे पुढारी होते ते. धाकटा भाऊ, म्हणजे माझा काका, दारू पितो म्हणून त्यांनीच त्याचं प्रभुभोजन बंद करवलं होतं. चार वर्षं काका मागच्या दाराशी बसायचा आणि भाकर-प्याला त्याला न देताच मागे फिरायचा.

पहिल्या उपजाच्या रविवारी जो तो आपल्या शेतातलं उत्तम ते अर्पण करायचा आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव व्हायचा. बाबांची वांगी दरवर्षी गाजायची. अर्पण निर्दोष हवं, हा त्यांचा हट्ट. त्या वर्षी नेमकी वांग्यांवर कीड पडली. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी कपाशीवर मारायचं औषध वांग्यांवर मारलं.

शनिवारी सकाळी मी वाफ्याकडे गेले, तर झाडांखाली चार साळुंक्या मरून पडलेल्या. त्यांना मुंग्यासुद्धा लागल्या नव्हत्या. तेवढ्यात बाबा येताना दिसले आणि मी कुडाआड सरकले. त्यांनी पाखरं पाहिली, इकडेतिकडे पाहिलं, फावड्यानं माती उकरून ती पुरली आणि वरून पायानं दाबली. मग वांगी तोडायला बसले. एकेक धुऊन, फडक्यानं पुसून टोपलीत रचत होते. मी एकोणीस वर्षांची होते, मला तोंड होतं. पण बाबांना त्यांची चूक दाखवायची रीत आमच्या घरात नव्हती. दुसऱ्या दिवशी टोपली मीच डोक्यावर नेली.

पाद्रीसाहेब नीतिमत्त्वावर बोलले. ते माणसाच्या हातून उगवत नाही, ख्रिस्ताकडून मिळतं, असं काहीसं. बाबा मान डोलवत होते. मला टोपलीतून औषधाचा वास आल्यासारखा वाटत होता. लिलावात वांगी काकानं घेतली, सगळ्यांदेखत, भावाकडे बघून हसत.

"आज दादाच्या वाफ्यातल्या वांग्याचं भरीत," तो म्हणाला.

बाबांचा चेहरा उतरला. ते वळून घराकडे निघाले. टोपली काकाच्या हातात मीच दिली.

घरी आईनं ताटं वाढली. बाबांनी जेवणाची प्रार्थना सुरू केली आणि मध्येच थांबले. आमेन आलंच नाही. उठून ते तसेच अनवाणी धावत सुटले आणि मी त्यांच्यामागे. काकाच्या अंगणात वांगी भाजलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्यांचा धूर अजून होता. काकू पोरांना वाढत होती. बाबांनी भरताचं भांडं उचलून उकिरड्यावर फेकलं.

"खाऊ नोका. जहर हाय त्यात," ते म्हणाले. "मले कालच माहीत होतं."

काकू त्यांच्याकडे बघतच राहिली. काकानं ताट खाली ठेवलं. "म्या त खाल्लं, दादा."

तिसऱ्या प्रहरी त्याला झटके येऊ लागले. बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेताना बाबांनी त्याचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. तीन दिवस डॉक्टर काही सांगेनात. चौथ्या दिवशी त्यानं पाणी मागितलं.

पुढच्या प्रभुभोजनाआधी बाबांनी उभं राहून मंडळीला सगळं सांगितलं, साळुंक्यांसकट. "दुसऱ्या कोनाले माहीत नोतं, म्या एकट्यानंच पाह्यलं," असंही म्हणाले. मग मागच्या दाराशी जाऊन बसले. मरणाच्या दारातून परतलेल्या काकाची बंदी पाद्रीसाहेबांनी त्याच सकाळी उठवली होती. पण तो पुढे गेलाच नाही. दाराशी जाऊन त्यानं बाबांचा दंड धरला.

"चाल दादा. मले देऊन राह्यले, त तुले काऊन नाई देनार?"

दोघं बरोबरच गेले. मी त्यांच्या मागोमाग जाऊन हात पुढे केला आणि भाकर घेतली, चारचौघींसारखी.

आता पहिल्या बाकावर मी बसते. सुनांना माझं उदाहरण देतात. काका जाऊन बरीच वर्षं झाली, आणि कुडाआडून मीही पाहिलं होतं हे कोणाला ठाऊकच नाही, तर माझा दंड कोण धरणार?